रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९)

कोकणातील करजगाव येथे जन्मलेल्या टिळकांच्या हाती ऐन तिशीत, रेल्वेप्रवासात, ‘नवा करार’ आला. त्यातील डोंगरावरील प्रवचनाने त्यांच्या मनाची पकड घेतली आणि १८९५ मध्ये मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. या निर्णयाची झळ लक्ष्मीबाईंना अधिक बसली, हे येथे लक्षात घ्यावे. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर त्या परतल्या. पुढे त्याही ख्रिस्ती झाल्या.

टिळकांचा ख्रिस्त दंड देणारा न्यायाधीश नव्हे. वारकऱ्यांच्या विठाईसारखी ती माउली आहे. चुकलेले लेकरू भीत भीत नव्हे, हक्काने तिच्याकडे धावते. तिच्या कुशीत विसावणे हेच त्याचे तारण. अशा करुणेला अभंगाचा छंद सहज मानवला. ‘ख्रिस्तायन’ मात्र अपुरे राहिले. ते पुढे नेले लक्ष्मीबाईंनी.