मिरवणुकीतला बाप



गोव्यात सणाला झगे घालून मेणबत्त्या धरून चालणारे कोंफ्रारीचे लोक ज्यांनी पाहिलेत, त्यांना जेंतिले बेल्लिनीचे एक चित्र अगदी आपले वाटेल. म्हणून त्या चित्रकाराविषयी थोडे लिहितो.

जेंतिले व्हेनिसचा. जन्म १४२९ च्या सुमाराचा. बाप चित्रकार, भाऊ जोव्हानी चित्रकार, मेहुणा मांतेन्या तोही चित्रकार! नाव जास्त झाले ते भावाचे. १४७९ मध्ये, तुर्कांशी सोळा वर्षांचे युद्ध नुकते मिटले असता, व्हेनिसने त्याला कॉन्स्टँटिनोपलला सुलतान दुसरा मेहमद याच्याकडे पाठवले. तिथे त्याने केलेले सुलतानाचे चित्र आज लंडनला आहे.

मला आवडते ते मात्र १४९६ चे. सात मीटरहून रुंद कापड. संत मार्कच्या सणाची, २५ एप्रिलची मिरवणूक. बंधुसंघाचे लोक पांढऱ्या झग्यांत, मधोमध छत्राखाली पवित्र क्रूसाच्या लाकडाचा अवशेष, आणि मागे संत मार्कचे चर्च झळाळते आहे. (ते कॅथेड्रल झाले १८०७ मध्ये. तेव्हा ते व्हेनिसच्या दोजेचे, म्हणजे राज्यप्रमुखाचे, स्वतःचे चर्च होते.) दर्शनी भिंतीवरची त्या काळची मोझाइक चित्रे आता बहुतेक बदलली, ती कशी होती ते बघायला अभ्यासकांना हेच चित्र उघडावे लागते.

एवढ्या थाटात एक माणूस पटकन सापडतच नाही. छत्राच्या मागे, लाल कपड्यात, गुडघे टेकलेला. तो ब्रेशियाचा व्यापारी याकोपो दे सालिस. १४४४ मध्ये तो व्हेनिसला असताना गावाकडे मुलाची कवटी फुटल्याचे कळले, आणि मिरवणुकीत तो क्रूसापुढे खाली बसला. पोरगा वाचला, अशी बंधुसंघाची श्रद्धा. चित्र काढून घेतले ते त्यासाठीच. मग बाप इतका बारीक का काढला? मला तर तेच खरे वाटते. आजूबाजूचे लोक आपल्याच बोलण्यात आहेत. आपल्या फेस्तातही बँड वाजत असतो आणि कडेला कुणीतरी एकटेच रडत असते, बघा.

जेंतिले फेब्रुवारी १५०७ मध्ये वारला. अलेक्झांड्रियात संत मार्क उपदेश करतात, हे मोठे चित्र अर्धेच राहिले होते. मृत्युपत्रात त्याने भावाला अट घातली: हे पुरे केलेस तर वडिलांची रेखाचित्रांची वही तुझी. जोव्हानीने ते पुरे केले. त्यात संत मार्कसमोर पांढऱ्या बुरख्यातल्या बायका बसल्या आहेत आणि मागे पगडीवाले पुरुष उभे आहेत.

– एक वाचक, बेळगाव