साखरखेर्ड्यात दोस्ती, पालखेडला कोंडी! निजाम आणि बाजीरावांचं नातं नेमकं कसं होतं?

देऊळगाव राजा : शेजारच्या सिंदखेडराजा तालुक्यातलं साखरखेर्डा. 1724 मध्ये इथे निजाम-उल-मुल्क जिंकला आणि हैदराबादच्या निजामशाहीचा पाया पडला. या लढाईत त्याला मराठ्यांची साथ होती. चार वर्षांच्या आत त्याच मराठ्यांनी त्याला कोंडीत पकडलं. असं का झालं?

कोण होता हा निजाम?

मूळ नाव मीर कमरुद्दीन, जन्म 1671. वडील आणि आजोबा औरंगजेबाच्या फौजेत मोठे सरदार, तोही तिथेच घडला. 1713 मध्ये तो दख्खनचा सुभेदार झाला. पुढे 1719 मध्ये दिल्लीने शाहू महाराजांना दख्खनच्या सहा सुभ्यांतली चौथाई आणि सरदेशमुखी दिली. म्हणजे 100 रुपयांच्या वसुलीत 25 अधिक 10 असे 35 रुपये मराठ्यांचे. भांडणाचं मूळ इथेच आहे.

1721 मध्ये चिखलठाणला तो बाजीरावांना पहिल्यांदा भेटला. तो 49 वर्षांचा, बाजीराव 20 वर्षांचे. गोडीगुलाबी झाली, चौथाईचा प्रश्न तसाच राहिला.

मग मदत का मागितली?

1722 मध्ये तो दिल्लीत वजीर झाला, पण दरबाराला कंटाळून दक्षिणेकडे परतला. बादशहाने हैदराबादचा सुभेदार मुबारिझखान याला त्याच्याविरुद्ध उभं केलं. एकाच वेळी दिल्ली आणि सातारा अंगावर घेणं परवडणारं नव्हतं. म्हणून त्याने बाजीरावांशी जुळवून घेतलं. साखरखेर्ड्याला मुबारिझखान मारला गेला. बादशहानेही मग नमतं घेतलं आणि त्याला आसफजाह हा किताब दिला.

गरज संपली, तशी भाषा बदलली. मराठ्यांचा खरा छत्रपती कोण, साताऱ्याचे शाहू की कोल्हापूरचे संभाजी, असा वाद पुढे करून त्याने चौथाई अडवली. पैसे न देण्याची ही कायदेशीर वाटणारी युक्ती होती. बाजीरावांनी थेट सामना टाळून त्याला पळवलं : जालना, बऱ्हाणपूर, गुजरात. वेग गाठण्यासाठी निजामाने अवजड तोफखाना मागे ठेवला आणि फेब्रुवारी 1728 मध्ये पालखेडजवळ तो अडकला. पाणी नाही, रसद बंद. 6 मार्चला मुंगी-शेवगावचा तह झाला. चौथाई मान्य करावी लागली, संभाजींची बाजूही सोडावी लागली.

तरीही दोघांनी एकमेकांना संपवलं नाही. 1732 मध्ये रोहे-रामेश्वरला भेटून त्यांनी समझोता केला : निजामाने मराठ्यांच्या उत्तरेतल्या मोहिमांत आडवं यायचं नाही, मराठ्यांनी त्याच्या दख्खनला हात लावायचा नाही. 1737 मध्ये बादशहाच्या बोलावण्यावरून तो पुन्हा बाजीरावांवर चालून गेला आणि भोपाळला पुन्हा वेढला गेला.

1 जून 1748 रोजी बऱ्हाणपूरला त्याचं निधन झालं. कबर खुलदाबादला आहे. मृत्युपत्रात त्याने वारसांना मराठ्यांशी सलोखा ठेवायला बजावलं होतं. अवघ्या नऊ वर्षांत, 1757 मध्ये, पेशव्यांच्या फौजेने सिंदखेडला वेढा घातला. आत होते निजामाच्या चाकरीतले रामचंद्र जाधव, म्हणजे जिजाऊंच्या माहेरच्या घराण्यातलेच सरदार.