ज्युलियस रोझनवाल्ड

ज्युलियस रोझनवाल्ड (जन्म: १२ ऑगस्ट १८६२, स्प्रिंगफील्ड, इलिनॉय, मृत्यू: ६ जानेवारी १९३२) हे अमेरिकन व्यापारी व दानशूर होते. टपालाद्वारे मालविक्री करणारी शिकागोची सीअर्स, रोबक अँड कंपनी त्यांच्या कारकिर्दीत अमेरिकेतील अग्रगण्य किरकोळ विक्री संस्थांमध्ये गणली जाऊ लागली. दक्षिणेकडील राज्यांत कृष्णवर्णीय मुलांसाठी सुमारे पाच हजार शाळा उभारण्यास त्यांनी साहाय्य केले.

प्रारंभिक जीवन

रोझनवाल्ड यांचे आईवडील जर्मनीतून आलेले ज्यू स्थलांतरित होते. वडील स्प्रिंगफील्डमध्ये कपड्यांचे दुकान चालवीत. शालेय शिक्षण अपुरे सोडून ज्युलियस १८७९ मध्ये न्यू यॉर्कला गेले व मामांच्या वस्त्रव्यवसायात उमेदवारी करू लागले. १८८५ मध्ये त्यांनी शिकागो येथे पुरुषांचे तयार कपडे बनविण्याचा व्यवसाय सुरू केला. १८९० मध्ये ऑगस्टा नुसबाउम यांच्याशी त्यांचा विवाह झाला. या दांपत्यास पाच अपत्ये झाली.

सीअर्स कंपनीचा विस्तार

रिचर्ड सीअर्स हे रोझनवाल्ड यांच्याकडून कपडे घेणारे ग्राहक होते. मागणी वाढत होती, पण कंपनीला भांडवल अपुरे पडत होते. १८९५ मध्ये रोझनवाल्ड आणि त्यांचे मेहुणे एरन नुसबाउम यांनी ७५,००० डॉलर गुंतवून कंपनीतील निम्मा हिस्सा घेतला. सीअर्स जाहिरातीत निष्णात होते. रोझनवाल्ड यांनी मालाचा दर्जा, हिशेब व वेळेवर पुरवठा यांकडे लक्ष दिले. १८९५ मध्ये सुमारे ७.५ लाख डॉलर असलेली वार्षिक विक्री १९०७ पर्यंत ५ कोटी डॉलरपर्यंत पोहोचली.

१९०६ मध्ये शिकागोच्या पश्चिम भागात सुमारे ४० एकरांवर कंपनीचे नवे विक्री संकुल सुरू झाले. त्याच वर्षी कंपनीचे समभाग सार्वजनिक विक्रीस काढून विस्तारासाठी भांडवल उभारण्यात आले. १९०८ मध्ये सीअर्स यांनी अध्यक्षपद सोडल्यावर रोझनवाल्ड अध्यक्ष झाले.

महिला कामगारांना अल्प वेतन दिले जाते, या प्रश्नावर १९१३ मध्ये इलिनॉय विधिमंडळाच्या समितीपुढे त्यांना साक्ष द्यावी लागली. १९१६ मध्ये कंपनीने कर्मचाऱ्यांसाठी नफ्यात वाटा देणारी बचत योजना सुरू केली. पहिल्या महायुद्धानंतरच्या मंदीत, १९२१ मध्ये, कंपनी अडचणीत आली असता त्यांनी स्वतःची सुमारे २ कोटी डॉलरची संपत्ती देऊन ती सावरली. १९२४ मध्ये ते अध्यक्षपदावरून निवृत्त झाले व संचालक मंडळाचे प्रमुख राहिले. १९२५ मध्ये कंपनीने पहिले किरकोळ विक्रीचे दुकान उघडले.

शाळांची उभारणी

१९११ मध्ये टस्कीगी संस्थेचे प्रमुख, कृष्णवर्णीय शिक्षणतज्ज्ञ बुकर टी. वॉशिंग्टन यांच्याशी त्यांचा परिचय झाला. पुढील वर्षी ते त्या संस्थेचे विश्वस्त झाले. आपल्या पन्नासाव्या वाढदिवसानिमित्त त्यांनी संस्थेस २५,००० डॉलर दिले. या देणगीतील काही रक्कम वॉशिंग्टन यांच्या सूचनेनुसार अलाबामातील सहा ग्रामीण शाळांसाठी वापरण्यात आली. या प्रयोगातून व्यापक योजना आकारास आली आणि १९१७ मध्ये रोझनवाल्ड निधीची स्थापना झाली.

शाळेचा संपूर्ण खर्च निधी उचलत नसे. स्थानिक कृष्णवर्णीय समाजाने रोख रक्कम, जमीन, साहित्य किंवा श्रमदान द्यावे आणि सरकारी शिक्षण मंडळाने शाळा स्वतःच्या व्यवस्थेत घ्यावी, अशी अट होती. इमारतींचे नकाशे निधीतर्फे पुरविले जात. वीज नसलेल्या खेड्यांत वर्गांना पुरेसा उजेड मिळावा म्हणून त्यांत मोठ्या खिडक्यांची रांग योजलेली असे.

१९३२ पर्यंत १५ राज्यांत ५,३५७ इमारती उभ्या राहिल्या; त्यांपैकी ४,९७७ शाळा होत्या व उर्वरित शिक्षकनिवास आणि कार्यशाळा होत्या. एकूण २ कोटी ८४ लाख डॉलर खर्चापैकी निधीचा वाटा सुमारे ४४ लाख, तर कृष्णवर्णीय नागरिकांचा सुमारे ४७ लाख डॉलर होता. बहुतांश रक्कम सरकारी करांतून आली. कृष्णवर्णीय नागरिक कर भरत असूनही त्यांच्या मुलांच्या शाळांना सरकारी पैसा अल्प मिळे. त्यामुळे देणगीची ही अट म्हणजे त्यांच्यावर दुहेरी कर होता, अशी टीका अभ्यासक करतात. योजनेने वर्णभेदावर आधारित स्वतंत्र शाळांच्या व्यवस्थेसही थेट आव्हान दिले नाही. तथापि, जेथे शाळाच नव्हती किंवा मोडकळीस आलेली खोली होती, अशा अनेक गावांत तिच्यामुळे पक्क्या इमारती आल्या.

इतर देणग्या आणि वारसा

शहरांतील कृष्णवर्णीयांसाठी वाय. एम. सी. ए. च्या इमारती बांधण्यासही त्यांनी अशाच अटीवर साहाय्य केले. शिकागोच्या विज्ञान व उद्योग संग्रहालयासाठी १९२६ मध्ये त्यांनी ३० लाख डॉलर देऊ केले. ते १९३३ मध्ये, त्यांच्या निधनानंतर, खुले झाले.

कायमस्वरूपी ठेव ठेवून केवळ व्याज खर्च करण्यास त्यांचा विरोध होता. प्रत्येक पिढीने आपल्या काळातील प्रश्नांसाठी दान करावे, असे त्यांचे मत होते. त्यामुळे आपल्या मृत्यूनंतर २५ वर्षांच्या आत निधीची सर्व रक्कम खर्च व्हावी, अशी तरतूद त्यांनी केली. निधीने लँग्स्टन ह्यूझ, मॅरियन अँडरसन, जेकब लॉरेन्स आदी कलावंत-साहित्यिकांना शिष्यवृत्त्या दिल्या आणि १९४८ मध्ये आपले कार्य संपविले. १९५४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वर्णाधारित स्वतंत्र शाळा घटनाबाह्य ठरविल्यानंतर रोझनवाल्ड शाळा क्रमशः बंद पडल्या. त्यांतील काही इमारती आज जतन करण्यात आल्या आहेत.