हरवलाच नव्हता तो माणूस

होस्टेलच्या प्रत्येक विंगमध्ये एक तरी गिटार असतेच. बहुतेक वेळा तिच्यावर चार कॉर्ड्स वाजतात आणि शेजारच्या खोलीतून आरडाओरडा सुरू होतो. पण एखादा चिकाटीचा पठ्ठ्या अंगठ्याने जाड तारांवर ठेका धरायचा आणि त्याच हाताच्या दोन बोटांनी पातळ तारांवर चाल वाजवायची, असा खटाटोप करत बसतो. ही विद्या जगभर पोचवणाऱ्यांत एक अमेरिकन शेतमजूर होता. त्याचं नाव जॉन हर्ट. जग त्याला ओळखतं ते मिसिसिपी जॉन हर्ट म्हणून. ब्लूज या संगीतप्रकारातल्या थोरांपैकी हा एक. आयुष्याची सत्तर वर्षं त्याने गुरं राखण्यात, कापूस वेचण्यात आणि संध्याकाळी अंगणात गाण्यात घालवली. मग तीन वर्षं तो प्रसिद्ध झाला आणि मग गेला. एवढीच त्याची गोष्ट. पण ती नीट सांगण्यासारखी आहे.

जॉनचा जन्म बहुधा १८९३ चा. नक्की तारखेबद्दल वाद आहेत, कारण त्या काळी गरीब काळ्या माणसांच्या जन्माच्या नोंदी कोण ठेवणार! गाव टिओक, मिसिसिपी राज्याच्या कॅरल परगण्यातलं. गुलामगिरी कायद्याने संपून जेमतेम २८ वर्षं झाली होती. पोर लहान असतानाच कुटुंब जवळच्या ॲव्हलॉन नावाच्या वस्तीत आलं आणि तेच त्याचं गाव झालं. मिसिसिपी नदीकाठचा डेल्टा नावाचा सपाट काळा मुलूख जिथे संपतो आणि टेकड्या सुरू होतात, त्या शिवेवर हे ॲव्हलॉन. एक दुकान, थोडी घरं आणि पसरलेली शेतं, यापलीकडे गावात काही नव्हतं.

शाळा त्याने लवकरच सोडली. पण गिटार मिळाली ती शाळेमुळेच. त्याच्या घरी शाळामास्तरांचं येणं-जाणं असे आणि मास्तर गिटार वाजवत. मास्तरांना झोप लागली की हे पोर हळूच त्यांची गिटार काढून वाजवून बघायचं. हा उद्योग आईच्या लक्षात आला. तिने दीड डॉलर खर्चून त्याला जुनी गिटार घेऊन दिली. तेव्हा तो नऊ-दहा वर्षांचा असेल. गुरू नाही, पुस्तक नाही, नोटेशन नाही. कानाला बरं वाटेल ते बोटांनी शोधत गेला.

आणि त्याने शोधलं ते भन्नाट होतं! अंगठा जाड तारांवर आलटून पालटून पडतो, घड्याळासारखा, एकही ठोका न चुकता. तर्जनी आणि मध्यमा पातळ तारांवर गाण्याची चाल काढतात, पण नेमक्या ठोक्यावर नाही, जरा आधी किंवा जरा नंतर. ऐकणाऱ्याला वाटतं, दोन माणसं वाजवताहेत. कॉम्प्युटरवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर एकाच प्रोसेसरवर दोन प्रोग्रॅम चालू आहेत आणि एकाला दुसऱ्याचा धक्का लागत नाही. वरून त्याचा आवाज अगदी हळू, शेजारी बसून बोलावं तसा. डेल्टातल्या इतर गायकांचा ब्लूज आर्त, खरखरीत, कधी कधी अंगावर येणारा. जॉनचा मात्र हसऱ्या आजोबांसारखा. तो निव्वळ ब्लूज गातही नसे. नाचाची गाणी, खुनाचे पोवाडे म्हणावेत अशी लांब कथागीतं, चर्चमधली भजनं, सगळं त्याच्या पोतडीत होतं. शनिवारी रात्री गावात नाच असला की जॉनला बोलावणं यायचं.

काळ्यांच्या नाचाला आणि गोऱ्यांच्याही. इथे एक गंमत समजून घेतली पाहिजे. त्या भागात विली नार्मोर नावाचा एक गोरा फिडलवादक होता. फिडल म्हणजे आपलं व्हायोलिनच, वाजवायची तऱ्हा वेगळी. जॉन अधूनमधून त्याला साथ करायचा. म्हणजे बस, शाळा, हॉटेलं, पाण्याचे नळ, सगळीकडे गोरे-काळे वेगळे असताना नाचाच्या चाली मात्र इकडून तिकडे बिनदिक्कत फिरत होत्या. भिंत उभी केली ती धंद्याने. १९२० च्या दशकात रेकॉर्ड कंपन्यांनी दोन कॅटलॉग काढले, काळ्यांना विकायच्या तबकड्यांचा एक आणि खेड्यातल्या गोऱ्यांना विकायच्या तबकड्यांचा दुसरा. पहिल्यातल्या बऱ्याच संगीताला पुढे सगळे ब्लूज म्हणू लागले. दुसऱ्यातून कंट्री आणि मग ब्लूग्रास निघालं. बाजाराने त्यांना दोन खोल्या दिल्या, पण घर एकच होतं.

नार्मोरला १९२८ मध्ये ओके नावाच्या कंपनीत रेकॉर्डिंगची संधी मिळाली. आणखी कोणी चांगला वादक माहीत आहे का, असं कंपनीच्या माणसाने विचारताच त्याने जॉनचं नाव सुचवलं. त्याच वर्षी फेब्रुवारीत मेम्फिस शहरात जॉनची गाणी रेकॉर्ड झाली. त्यातली दोनच बाजारात आली. डिसेंबरमध्ये त्याला न्यूयॉर्कला बोलावलं. खेड्यातला हा माणूस ऐन थंडीत त्या अफाट शहरात पोचला आणि त्याला घरची आठवण येऊ लागली. त्या आठवणीतून त्याने आपल्या गावावर एक गाणं रचलं, ॲव्हलॉन ब्लूज. तेही रेकॉर्ड झालं. नावाआधी मिसिसिपी हा शब्दही कंपनीनेच विक्रीसाठी चिकटवला. या गाण्याचं नाव लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

तबकड्या काही फार खपल्या नाहीत. लगेच पुढच्या वर्षी, १९२९ मध्ये, अमेरिकेत महामंदी आली. खायला पैसे नाहीत तिथे तबकड्या कोण घेणार? रेकॉर्डचा धंदा कोसळला आणि जॉनला परत कोणी बोलावलं नाही. तो ॲव्हलॉनला राहिला. दुसऱ्याच्या जमिनीवर अर्धलीने कापूस पिकवायचा, बी-बियाणं आणि किराणा मालकाकडून उधार घ्यायचा, हंगामाच्या शेवटी हिशेब झाला की हातात जवळपास काही उरायचं नाही. ही पद्धत तिकडे पिढ्यान् पिढ्या चालली. त्यात जॉनची ३५ वर्षं गेली. या काळात त्याची कीर्ती शून्य होती, पण वाजवणं थांबलं नव्हतं. गिटार असेल तेव्हा तो गावात वाजवतच होता.

त्याच्या एका गाण्याबद्दल आपल्यासारख्या इंजिनियरिंगवाल्यांना सांगितलंच पाहिजे. अमेरिकेत जॉन हेन्री नावाच्या मजुराची दंतकथा आहे. रेल्वेच्या बोगद्यात हातोड्याने पहारी ठोकणारा हा पहिलवान वाफेच्या ड्रिलशी शर्यत लावतो, यंत्राला हरवतो आणि हातोडा हातात असतानाच मरतो. शेकडो गायकांनी त्याला वीर करून गायलं. जॉन हर्टनेही या कथेवरचं एक गाणं न्यूयॉर्कला रेकॉर्ड केलं. त्याच्या गाण्यातला मजूर मात्र वेगळा विचार करतो. ज्या हातोड्याने जॉन हेन्रीचा जीव घेतला, तो आपला जीव घेणार नाही, असं ठरवून तो हातोडा मुकादमाकडे परत पाठवतो आणि सरळ चालू लागतो. जॉनने स्वतः काही काळ रेल्वेच्या रुळांवर काम केलं होतं. त्याला ही बाजू कळणारच. बोगद्याची लांबी आपण पुस्तकात वाचतो. तो खणताना किती जण गेले, हे मात्र अशा गाण्यांतच उरतं.

हेच गाणं पुढे त्याच्या मदतीला आलं. १९५२ मध्ये हॅरी स्मिथ नावाच्या एका विक्षिप्त संग्राहकाने जुन्या तबकड्यांतून ८४ गाणी निवडली आणि फोकवेज कंपनीने ती सहा लाँग प्ले रेकॉर्डवर काढली. त्यात जॉनची दोन होती. शहरातली कॉलेजची पोरं हा संच पारायणं केल्यासारखी ऐकू लागली. कोण हा जॉन हर्ट? कुठला? बहुतेकांनी गृहीत धरलं, मेला असणार.

मग झालं असं. वॉशिंग्टनमधल्या डिक स्पॉट्सवूड या संग्राहकाच्या हाती ॲव्हलॉन ब्लूजचं टेप आलं. गाण्यात गायक ॲव्हलॉन हे आपलं गाव असल्याचं सांगत होता. नकाशात शोधलं तर ॲव्हलॉन मिळालं जॉर्जिया राज्यात. तिथे काही लागेना. शेवटी १८७८ च्या एका जुन्या ॲटलासमध्ये मिसिसिपीतलं ॲव्हलॉन सापडलं. १९६३ मध्ये टॉम हॉस्किन्स हा तरुण तिथे जाऊन धडकला. गावातल्या दुकानात चौकशी केली तर उत्तर मिळालं की टेकडीकडच्या रस्त्याने जा, तिसरी पत्रपेटी दिसेल, तेच त्याचं घर. ३५ वर्षं ज्याचा पत्ता संगीताच्या जगाला नव्हता, त्याचा पत्ता किराणा दुकानात तोंडपाठ होता!

आता जॉनच्या बाजूने बघा. साल १९६३, राज्य मिसिसिपी. १९५५ मध्ये एमेट टिल या चौदा वर्षांच्या काळ्या मुलाला ज्या मनी गावच्या भेटीत पळवून ठार मारलं, ते तिथून काही मैलांवर. जवळच्या ग्रीनवुड शहरात काळ्यांच्या मतदार नोंदणीची मोहीम चालू आणि त्यावर हल्लेही चालू. पुढे जूनमध्ये नागरी हक्कांचे पुढारी मेडगर एव्हर्स यांचा जॅक्सन शहरात खून झाला. अशा दिवसांत एक अनोळखी गोरा दारात येतो आणि वॉशिंग्टनला चला म्हणतो. जॉनला वाटलं, हा सरकारी गुप्त पोलिस असणार. आपण तर काही केलेलं नाही, मग हा कशाला आला? भीती वाटणारच. त्याच्याकडे तेव्हा स्वतःची गिटारही नव्हती. हॉस्किन्सने आपली पुढे केली. बोटं जरा आखडली होती, पण अंगठा तसाच घड्याळासारखा पडत होता. ओळख पटायला तेवढं पुरलं.

त्याच जुलैत न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात सत्तरीचा जॉन हर्ट टोपी घालून खुर्चीवर बसला आणि वाजवू लागला. समोर हजारो तरुण. रातोरात त्याचं नाव झालं. काँग्रेस लायब्ररीने त्याची गाणी रेकॉर्ड केली, टीव्हीवर तो झळकला, कॉफी हाउसमधून आणि कॉलेजांतून कार्यक्रम झाले, व्हॅनगार्ड कंपनीने आल्बम काढले. लव्हिंग स्पूनफुल या गाजलेल्या बँडने आपलं नाव त्याच्याच एका गाण्यातून घेतलं. पण माणूस बदलला नाही. त्याची शैली शिकायला पोरं त्याच्या पायाशी बसायची आणि तोही हातचं न राखता सगळ्यांना दाखवायचा. शेवटी तो मिसिसिपीतच परतला. २ नोव्हेंबर १९६६ रोजी ग्रेनाडा इथे हृदयविकाराने गेला.

त्याच्यामुळे इतरांचाही शोध सुरू झाला. बुका व्हाइटच्या गाण्यात ॲबरडीन गावाचा उल्लेख होता. जॉन फेही आणि एड डेन्सन यांनी त्या गावी त्याच्या नावाने नुसतं पत्र टाकलं आणि ते फिरत फिरत पोचलं! १९६४ मध्ये स्किप जेम्स हॉस्पिटलात सापडला आणि सन हाउस चक्क न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर शहरात.

ब्लूग्रासचीही मुळं याच मातीतली. त्याचा जनक बिल मन्रो हा केंटकीतला गोरा मँडोलिनवादक. लहानपणी तो आर्नल्ड शुल्ट्झ या काळ्या गिटारवादकाबरोबर नाचांमध्ये वाजवायचा आणि त्याचं ऋण तो आयुष्यभर मानत आला. ब्लूग्रासची ओळख असलेला बँजो तर मुळात पश्चिम आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांचं वाद्य. २००० साली आलेल्या ओ ब्रदर, व्हेअर आर्ट दाऊ या सिनेमाच्या संगीताने ब्लूज, भजनं आणि ब्लूग्रास पुन्हा घरोघरी नेलं. २००१ मध्ये बेक, लुसिंडा विल्यम्स वगैरे कलाकारांनी जॉन हर्टची गाणी गाऊन एक आल्बम त्याला अर्पण केला. २००५ मध्ये कॅरोलायना चॉकलेट ड्रॉप्स हा काळ्या कलाकारांचा बँड उभा राहिला आणि त्याने फिडल-बँजोवरचा आपला जुना हक्क पुन्हा सांगितला. ॲव्हलॉनजवळ जॉनचं घर जपून केलेलं छोटं म्युझियम मात्र फेब्रुवारी २०२४ मध्ये आगीत जळालं.

जॉन हर्टवर लिहिताना सगळे शोध लागला, सापडला असे शब्द वापरतात. मीही वापरले. पण ॲव्हलॉनच्या लोकांसाठी तो कधी हरवलाच नव्हता. हरवलं होतं ते ऐकणाऱ्यांचं लक्ष. एका जुन्या तबकडीने आणि एका जुन्या नकाशाने ते परत आणलं, तेव्हा त्याच्या आयुष्याची तीनच वर्षं उरली होती. ती तीस असती तर किती गाणी झाली असती, हा हिशेब आता कोणी मांडू शकत नाही. आपल्या आजूबाजूलाही असं कोणी वाजवत असेल, मेसमध्ये, वर्कशॉपमध्ये, गावाकडच्या देवळात. त्यांचा पत्ता जुन्या ॲटलासमध्ये शोधायची वेळ येऊ नये. कोपऱ्यावरच्या दुकानात विचारलं तरी पुरे.