घुमटापलीकडचा सिनान

हिजरी ९८१ चा रमजान. महिन्याची सातवी तारीख, म्हणजे इसवी सन १५७३ च्या डिसेंबरची अखेर. उस्मानी सुलतान दुसरा सलीम याच्या दरबारातून एक फर्मान निघाले. अनातोलियातील कैसरी भागातल्या ख्रिस्ती कुटुंबांना तेव्हा नुकत्याच जिंकलेल्या सायप्रस बेटावर सक्तीने वसवले जात होते. त्यातून काही कुटुंबांना वगळावे, असा तो हुकूम होता. ही कुटुंबे सल्तनतीच्या मुख्य मेमाराचे, म्हणजे वास्तुकाराचे, आप्त होते. विनंती त्यानेच केली होती. साठेक वर्षांपूर्वी गाव सुटलेला हा वृद्ध आपल्या माणसांना विसरला नव्हता. त्याचे नाव सिनान.

सिनानचा जन्म १४९० च्या सुमारास कैसरीजवळच्या आयर्नास या खेड्यात, ख्रिस्ती घरात झाला. त्या काळी उस्मानी राज्यात ख्रिस्ती कुटुंबांतली मुले सरकारी चाकरीसाठी नेली जात. सिनानही असाच नेला गेला. त्याला इस्लामची दीक्षा मिळाली, सुतारकाम आणि लष्करी शिक्षण मिळाले आणि तो यनीचरी फौजेत दाखल झाला. बेलग्रेड (१५२१), ऱ्होड्स (१५२२) आणि मोहाच (१५२६) या मोहिमा त्याने पाहिल्या. फौजेबरोबर फिरताना किल्ले, पूल, जुने घुमट त्याच्या नजरेखालून जात होते. वान सरोवरावर त्याने सैन्यासाठी जहाजे बांधली. १५३८ च्या मोहिमेत प्रुत नदीच्या दलदलीत त्याने तेरा दिवसांत पूल उभा केल्याचे सांगितले जाते. त्यानंतर लवकरच तो मुख्य मेमार झाला. तेव्हा त्याचे वय पन्नाशीच्या घरात होते. पुढची जवळपास पन्नास वर्षे, तीन सुलतानांच्या काळात, तो त्याच पदावर राहिला.

मोठा घुमट बांधण्यातली खरी अडचण त्याच्या वजनाइतकीच त्याच्या रेट्याची असते. घुमट खाली दाबतो, तसा भिंतींना बाहेरही ढकलतो. इस्तंबूलमध्ये सहाव्या शतकातली आयासोफिया सिनानच्या डोळ्यांसमोर होती. तिचा घुमट भूकंपांत कोसळलाही होता. शहजादा मशिदीत (१५४३–४८) सिनानने मधल्या घुमटाच्या चारही बाजूंना अर्धे घुमट जोडले, म्हणजे रेटा पायरीपायरीने खाली उतरत जमिनीत जाईल. सुलेमानिया मशिदीत (१५५०–५७) सुमारे २६ मीटर व्यासाचा घुमट चार प्रचंड खांबांवर तोलला. एदिर्ने शहरातल्या सलीमिया मशिदीत (१५६८–७५) खांब आठ झाले आणि भिंतींलगत सरकले. सुमारे ३१ मीटरच्या घुमटाखाली एकसंध मोकळी जागा मिळाली. इमाम उभा असतो तो मिहराब आता बहुतेक कुठूनही दिसू लागला. पहिली मशीद शिकाऊपणाची, दुसरी कारागिरीची आणि तिसरी उस्तादीची, असे तो स्वतः मानत असे. उस्तादीची मशीद पूर्ण झाली तेव्हा त्याने ऐंशी ओलांडली होती. रमजानचे ते फर्मान निघाले, तेव्हा सलीमियाचे काम चालूच होते.

पण सिनान केवळ घुमटांमुळे मोठा नाही. सुलेमानियाभोवती त्याने एक छोटे नगरच वसवले. तिथे मदरसे होते, वैद्यक शिकवणारा मदरसा होता, मुलांची शाळा, दवाखाना, हमाम, मुसाफिरखाना आणि इमारत होती. इमारत हा शब्द आपल्याकडे कोणत्याही बांधकामासाठी वापरतात, पण उस्मानी तुर्कीत त्याचा एक अर्थ लंगरखाना असाही होता. विद्यार्थी, प्रवासी आणि गरीब यांना तिथे शिजवलेले अन्न मिळे. या साऱ्याचा खर्च वक्फच्या उत्पन्नातून भागे. मशीद हे या वस्तीचे हृदय होते, पण नमाज संपल्यावर माणसाला लागणाऱ्या गोष्टीही त्याच आराखड्यात होत्या. टेकडीचा उतार होता, म्हणून काही मदरसे त्याने पायऱ्यापायऱ्यांनी उतरत नेले. जागेशी भांडण न करता जागेला कामाला लावणे ही त्याची रीत होती.

सुलेमानियाच्या बांधकामाचे हिशेब आजही उपलब्ध आहेत. त्यांवरून दिसते की कारागिरांत मुस्लिम आणि ख्रिस्ती जवळजवळ निम्मे निम्मे होते. बहुसंख्य मजूर रोजंदारीवर होते, काही सक्तीने राबणारे गलबतांवरचे गुलामही होते. वैभवाचे हे दुसरे अंगही लपवण्यासारखे नाही.

सिनानचे सर्वांत उपयोगी काम मात्र शहराबाहेर, जंगलात आहे. इस्तंबूलची वस्ती वाढत होती आणि पाणी अपुरे पडत होते. १५५४ पासून सिनानने किर्कचेश्मे, म्हणजे चाळीस कारंजी, ही योजना हाती घेतली. झऱ्यांचे पाणी पन्नास किलोमीटरहून लांब पाटांनी, केवळ उताराच्या जोरावर शहरात आणायचे होते. वाटेत दऱ्या होत्या. तिथे पाणी वाहून नेणारे कमानींचे पूल उभारले. १५६३ च्या महापुराने त्यांतले काही उद्ध्वस्त केले. सिनान पुन्हा कामाला लागला. त्याचा मालोवाचा पूल ३६ मीटर उंच आणि अडीचशे मीटरहून लांब आहे, तो आजही उभा आहे. ज्या गल्लीत हे पाणी पोचले तिथल्या माणसाला वजूसाठी, स्वयंपाकासाठी, रोजा सोडण्यासाठी ते मिळाले. पाणी पाजणे हा सदका-ए-जारिया, म्हणजे मरणानंतरही चालू राहणारे पुण्य, मानला जातो.

१५८८ मध्ये सिनान वारला. चारशेहून अधिक कामे त्याच्या नावावर आहेत. त्याची कबर मात्र लहानशी आहे. सुलेमानियाच्या आवाराबाहेर, दोन रस्ते मिळतात त्या कोपऱ्यावर, त्यानेच ती आखली होती. त्रिकोणी जागेच्या टोकाला त्याने एक पाणपोई ठेवली. सुलतानाचा घुमट दूरवरून दिसतो, मेमाराची पाणपोई जवळ गेल्याशिवाय दिसत नाही. आपल्या मोहल्ल्यात मशिदीचा मिनार उंच करताना तिच्या सावलीत एखादे वाचनालय, दवाखाना किंवा पाण्याचा नळ आहे का, हे पाहिले तर सिनानचा आराखडा आपल्याला खऱ्या अर्थाने कळला असे म्हणता येईल.