एतियेन-जूल मारे

एतियेन-जूल मारे (५ मार्च, इ.स. १८३० - मे, इ.स. १९०४) हे फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ होते. नुसत्या डोळ्यांना न टिपता येणाऱ्या शारीरिक हालचाली यंत्राद्वारे नोंदवण्याच्या पद्धती त्यांनी विकसित केल्या. खेळाडूंच्या प्रशिक्षणात आज वापरल्या जाणाऱ्या संवेदकांचे व चित्रफितींचे मूळ त्यांच्या कार्यात आढळते.

जीवन

मारे यांचा जन्म फ्रान्समधील बोन या गावी झाला. पॅरिस येथे त्यांनी वैद्यकशास्त्राचे शिक्षण घेतले. इ.स. १८६० च्या सुमारास त्यांनी मनगटावरील नाडीचे ठोके रेषेच्या रूपात कागदावर उमटवणारे उपकरण तयार केले. इ.स. १८६९ मध्ये ते कोलेज द फ्रान्स या संस्थेत प्राध्यापक झाले.

संवेदकयुक्त पादत्राण

नाडीसाठी वापरलेले तत्त्व मारे यांनी पुढे चालण्या-धावण्याच्या अभ्यासाला लावले. पादत्राणाच्या रबरी तळात हवेची पोकळी ठेवून ती नळीने नोंदणीयंत्राला जोडली जाई. पाऊल टेकताच हवा दाबली जाऊन कागदावर रेषा उमटे. हे यंत्र धावणारा स्वतःच हातात धरत असे. चालताना एक तरी पाय जमिनीवर असतो, तर धावताना काही क्षण दोन्ही पाय अधांतरी असतात, हा भेद या आलेखांतून कालावधीसह मोजता आला.

क्रोनोफोटोग्राफी

इ.स. १८८२ मध्ये मारे यांनी सेकंदाला १२ छायाचित्रे घेणारी बंदुकीच्या आकाराची छायाचित्रण यंत्रणा बनवली. त्याच वर्षी पॅरिसच्या सीमेवर त्यांचे शरीरक्रिया संशोधन केंद्र सुरू झाले. तेथे सहकारी जॉर्ज देमेनी यांच्यासह त्यांनी धावपटू, कसरतपटू व सैनिकांच्या हालचालींचा अभ्यास केला. एकाच काचेवर घेतलेल्या प्रतिमा परस्परांत मिसळत असल्याने त्यांनी व्यक्तीला काळा पोशाख घालून हातापायांवर पांढऱ्या पट्ट्या लावल्या. त्यामुळे केवळ अवयवांच्या रेषा उमटून सांध्यांचे कोन मोजता येऊ लागले. उडी मारताना पायांनी जमिनीवर दिलेला दाब मोजणारा फलकही त्यांनी वापरला.

कोणती पद्धत योग्य, हे तोवर शिक्षकाच्या नजरेवर व परंपरेवर ठरत असे. ते मोजमापाने ठरवता यावे आणि श्रमाचा अपव्यय टळावा, हा मारे यांचा हेतू होता. चित्रणाच्या व्यावसायिक वापरावरून मतभेद होऊन इ.स. १८९४ मध्ये देमेनी त्यांच्यापासून विभक्त झाले. इ.स. १९०० च्या पॅरिस ऑलिंपिकसाठी आलेल्या अमेरिकन खेळाडूंच्या उडी व गोळाफेकीचे चित्रण करण्यात आले.

वारसा

मारे यांच्या काळात या नोंदींचा अर्थ लावणे प्रयोगशाळेतील तज्ज्ञांच्याच हाती होते. आता भ्रमणध्वनीतील कॅमेरा व बुटातील संवेदक यांमुळे खेळाडू प्रशिक्षकाविना स्वतःची हालचाल तपासू शकतो. मारे यांच्या नावाच्या संस्थेची इमारत पुढे रोलाँ गारोस टेनिस संकुलाच्या विस्तारासाठी पाडण्यात आली.