चित्रकार रेम्ब्रांट

हॉलंड देशातील लायडन नगरी एका पवनचक्कीवाल्याच्या घरी १५ जुलै १६०६ रोजी रेम्ब्रांट ह्याचा जन्म झाला. त्या काळी तेथील प्रॉटेस्टंट मंडळ्या उपासनामंदिरांत चित्रे ठेवीत नसत; तेव्हा चित्रकारांस आश्रय दिला तो व्यापारी, वैद्य व उपदेशक ह्यांनी. समुद्रापारच्या व्यापाराने ॲमस्टरडॅम शहर सधन झाले होते, आणि आपली तसबीर काढवून घेण्याचा जो मान पूर्वी बहुधा राजेसरदारांचा, तो आता साधे नागरिकही स्वकष्टाच्या पैशाने मिळवू लागले.

सुमारे १६३१ साली रेम्ब्रांट तेथे गेला. पुढल्याच वर्षी त्याने डॉक्टर टुल्प शस्त्रवैद्यांस शरीररचना शिकवीत आहेत असे चित्र काढिले व त्याची कीर्ती पसरली. १६३४ साली सास्किया नामक कुलीन कन्येशी त्याचा विवाह झाला. १६३९ साली त्याने १३,००० गिल्डरांस मोठे घर घेतले. परंतु रक्कम पुरती फेडिली नाही, आणि लिलावांत दुर्मिळ वस्तू घेण्याचा नादही सोडिला नाही. हिंदुस्थानातील मोगल चित्रे पाहून त्याने त्यांच्या प्रतीही काढिल्या.

सास्कियापासून झालेली त्याची तीन मुले तान्हेपणीच वारली. त्यांपैकी एकटा टायटस वाचला. १६४२ साली सास्कियाही निवर्तली. पुढे हेन्ड्रिक्ये नामक स्त्रीशी तो विवाहावाचून राहिला, म्हणून १६५४ साली मंडळीच्या पंचांनी तिला प्रभुभोजनापासून दूर ठेविले. हे आम्ही झाकून ठेवीत नाही. १६५६ साली त्याचे दिवाळे वाजले. घर व संग्रह विकले गेले. ज्यांच्या गावी सावकाराची वही परिचित आहे, त्यांस ह्या दुःखाचा अर्थ सांगावयास नको.

तथापि कुंचला त्याने खाली ठेविला नाही. धनिकांचे चेहरे रंगविणाऱ्या ह्या मनुष्याने भिकाऱ्यांचीही चित्रे तितक्याच आस्थेने कोरिली, आणि स्वतःचा सुरकुतलेला चेहरा रंगविताना एकही सुरकुती लपविली नाही. १६६८ साली टायटसही मरण पावला. ४ ऑक्टोबर १६६९ रोजी रेम्ब्रांट वारला आणि भाड्याच्या कबरेत त्यास मूठमाती मिळाली.

अखेरच्या वर्षांत त्याने उधळ्या पुत्राचे चित्र काढिले. ते रशियातील सेंट पीटर्सबर्ग येथे आहे. पुत्र गुडघे टेकून आहे, त्याचा जोडा झिजून एक पाऊल उघडे पडले आहे, आणि वृद्ध पित्याचे दोन्ही हात त्याच्या पाठीवर आहेत. उपदेशक बंधूंनो, हा दृष्टांत सांगताना ते उघडे पाऊल व ते हात श्रोत्यांपुढे अवश्य उभे करा. ज्याने सर्व गमाविले होते, त्यानेच ते रंगविले आहेत.